वैरी झाला वाटाड्या

पिसाळलेला कुत्रा चावला की त्याचे विष डोक्यात चढते, अशी समजूत खेडोपाडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जुन्या समजुतींपैकी पुष्कळशा शास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत. ही मात्र उतरली. रेबीजचा विषाणू जखमेतून स्नायूत शिरतो, तेथील मज्जातंतूचे टोक गाठतो आणि त्या तंतूच्या आतून मज्जारज्जूकडे व तेथून मेंदूकडे चालू लागतो. या प्रवासाला कधी काही आठवडे लागतात, कधी काही महिने. चावा पायाला बसला तर वाट लांबची, चेहऱ्याला बसला तर जवळची. म्हणूनच डोक्याजवळचा दंश अधिक घातक मानला जातो. एका मज्जापेशीतून दुसरीत जाताना हा विषाणू वाटेल तेथे भटकत नाही. ज्या दोन पेशी एकमेकींशी बोलतात, त्यांच्यामधील सांध्यातूनच तो पलीकडे जातो. एकदा तो मेंदूत स्थिरावला आणि लक्षणे दिसू लागली की रोगी वाचल्याची उदाहरणे जगात विरळाच. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची जी धास्ती मागच्या पिढ्यांनी अनुभवली, तिच्यामागे ही भीती होती. ती लस १९११ साली कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी सिद्ध केली; मेंढीच्या मेंदूपासून ती तयार होत असे आणि २००४ च्या अखेरीपर्यंत ती भारतात बनत होती.

असा हा विषाणू आज प्रयोगशाळांत मेंदूचा नकाशा काढण्याच्या कामाला जुंपला गेला आहे. त्याच्या जोडीला एड्सच्या विषाणूपासून घडवलेला एक वाहक आहे आणि ज्याने आजवर कोणाला आजारी पाडल्याचे दिसलेले नाही असा एक इवलासा विषाणूही आहे. या तिघांकडे सोपवलेले काम एकच: शास्त्रज्ञांनी निवडलेले जनुक जिवंत मेंदूतील ठरावीक पेशींपर्यंत नेऊन पोचवणे. गेल्या तीस वर्षांत मेंदूविषयी जे नवे ज्ञान हाती आले, त्याचा फार मोठा भाग या हमालीवर उभा आहे. तरीही हा विषय वृत्तपत्रांच्या रकान्यांत क्वचितच येतो. आणि येतो तेव्हा तो एखाद्या औषधाच्या अचाट किमतीची बातमी म्हणून येतो. त्या किमतीमागे एक विद्या आहे, आणि ती विद्या कोणाच्या हाती आहे यावर पुढील काळात पुष्कळ काही अवलंबून राहणार आहे.

अब्जावधींच्या गर्दीत एकास हाक

मेंदूच्या अभ्यासातील मूळ अडचण गर्दीची आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी असतात. उंदरासारख्या छोट्या प्राण्याच्या मेंदूतही त्या सात कोटींच्या घरात जातात. बरे, या पेशी एका जातीच्या नव्हेत. शेजारच्या पेशीला उद्दीपित करणारी एक, तिला आवरणारी दुसरी, लांबच्या केंद्राला निरोप धाडणारी तिसरी, अशा नाना प्रकारच्या पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात. सायंकाळी दादर स्थानकाच्या पुलावर उभे राहून खालच्या जनसमुदायाकडे पाहावे, तशी संशोधकाची अवस्था होते. गर्दी दिसते, तिची हालचालही दिसते; पण यातले कर्जतला जाणारे कोण आणि विरारला जाणारे कोण, हे वरून कळण्यास मार्ग नसतो.

कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ साली चांदीच्या क्षारांनी पेशी काळ्या रंगवण्याची युक्ती शोधली. सांतियागो रामोन इ काहाल यांनी ती हाती घेऊन मेंदूतील पेशींची अप्रतिम चित्रे काढली आणि १९०६ साली दोघांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गोल्जींच्या रंगाची गंमत अशी की तो सगळ्या पेशींना लागत नाही. शेकड्यांतील एखाददुसरीलाच लागतो. त्यामुळेच एकेक पेशी सुटी दिसू शकली. परंतु कोणती पेशी रंगेल हे संशोधकाच्या हाती नव्हते आणि रंगलेली पेशी मेलेली असे. पुढे विजेची सूक्ष्म अग्रे आली, औषधी द्रव्ये आली. पण विजेचा धक्का दिला म्हणजे आसपासच्या सर्व जातींच्या पेशी एकदम दचकतात, आणि औषध दिले म्हणजे ते रक्ताबरोबर सगळीकडे पसरते. फलाटावरील एका प्रवाशाला काही सांगायचे असताना ध्वनिक्षेपकावरून साऱ्या स्थानकाला ओरडून सांगण्यासारखाच हा प्रकार झाला.

डीएनएच्या रचनेचा उलगडा करणाऱ्या जोडीपैकी फ्रान्सिस क्रिक हे उत्तरायुष्यात मेंदूच्या अभ्यासाकडे वळले. कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत असताना १९७९ साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी या अडचणीवर नेमके बोट ठेवले. मेंदूतील एकाच प्रकारच्या पेशींना गप्प करता यावे आणि बाकीच्यांना धक्का लागू नये, अशी एखादी पद्धत हवी, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९९९ साली त्यांनी असेही सुचवले की यासाठी प्रकाश हे सर्वांत योग्य साधन ठरेल. त्या वेळी हे बोलणे स्वप्नरंजनात जमा होण्यासारखे होते, कारण मेंदूच्या पेशींना प्रकाश कळत नाही. कवटीच्या अंधारात राहणाऱ्या पेशींना तो कळण्याचे कारणही नाही.

पाकीट तेच, मजकूर निराळा

विषाणू म्हणजे प्रथिनांच्या पाकिटात घातलेली एक चिठ्ठी. पाकिटावर कोणत्या पेशीचे दार उघडायचे याची खूण असते आणि आतल्या चिठ्ठीत ‘माझ्यासारखे आणखी तयार करा’ असा हुकूम असतो. पेशी भोळी, ती परक्याची चिठ्ठी स्वतःची समजून वाचते, हुकूम पाळते आणि पुष्कळदा त्या श्रमात मरते. याचेच नाव रोग. आता ही चिठ्ठी काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरी ठेवली, तर पाकीट पूर्वीप्रमाणेच दारापर्यंत जाईल, दार उघडेल आणि पेशी नवी चिठ्ठी वाचील. वाहक विषाणूचे सारे शास्त्र या एका कल्पनेचा विस्तार आहे. त्यातला अवघड भाग वजाबाकीचा असतो. विषाणूत काय भरायचे याच्या आधी त्यातून काय काढायचे, आणि काढूनही त्याची चालण्याची शक्ती कशी टिकवायची, हे ठरवावे लागते.

सर्वांत अधिक वापरात असलेला वाहक निव्वळ योगायोगाने सापडला. १९६५ साली पिट्सबर्ग येथे ॲडिनोव्हायरस या विषाणूचा अभ्यास चालू असताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काही अगदी बारीक कण दिसले. नमुन्यातील ती भेसळच होती. हे कण स्वतःच्या बळावर वाढू शकत नव्हते. ॲडिनोव्हायरस सोबतीला असला तरच त्यांची वाढ होई. म्हणून त्यांना ॲडिनोव्हायरसाचा सहचर असे नाव पडले. व्यवहारात त्याला ‘एएव्ही’ म्हणतात. त्याचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात असे ४०,००० कण ओळीने मांडता येतील. तो कोणताही ज्ञात रोग करीत नाही. अशा निरुपद्रवी आणि निरुपयोगी जिवाच्या मागे लागून काय मिळणार, असा प्रश्न त्या काळी कोणी विचारला असता तर त्याचे समाधान करणे कठीण गेले असते.

तरीही काही मंडळी त्याच्या मागे लागली. १९८२ साली त्याच्या जनुकांची प्रत काढून ती हाताळता येऊ लागली आणि १९८४ मध्ये त्याचा वाहक म्हणून उपयोग करून दाखवण्यात आला. या विषाणूची स्वतःची बहुतेक सर्व जनुके काढून टाकली आणि फक्त दोन टोकांचे छोटे खंड ठेवले, तरी तो पाकिटात भरला जातो आणि पेशीपर्यंत पोचतो, असे आढळून आले. काढलेल्या जनुकांची कामे कारखान्याच्या जागी, म्हणजे ज्या पेशींत हे वाहक तयार करतात तेथे, निराळ्या मार्गाने करून घेतात. त्यामुळे तयार झालेला वाहक एकदाच निरोप देतो आणि तेथेच संपतो. त्याला संतती नाही. १९९४ साली उंदराच्या मेंदूत या वाहकाने नेलेले जनुक दीर्घकाळ काम करीत राहिल्याचे प्रसिद्ध झाले. मज्जापेशी सहसा विभागत नाहीत, म्हणून त्यांना दिलेला निरोप बराच काळ टिकतो, हा येथील विशेष.

एएव्हीची एक मोठी मर्यादा त्याच्या पाकिटाची आहे. त्यात जेमतेम ४,७०० अक्षरांची चिठ्ठी मावते. मोठी जनुके त्यात बसत नाहीत. याहून थोरले पाकीट साल्क संस्थेतच घडवण्यात आले. लुइगी नाल्दिनी, फ्रेड गेज, इंदर वर्मा, दिदिए त्रोनो आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली एड्सच्या विषाणूतील रोगकारक भाग वगळून त्याचा वाहक केला आणि तो उंदराच्या मेंदूतील विभाजन न होणाऱ्या पेशींतही जनुक नेतो, असे दाखवून दिले. यात सुमारे दुप्पट मजकूर मावतो आणि तो पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये गोवला जातो. ज्या विषाणूच्या नुसत्या नावाने त्या काळी सारे जग थरकापत होते, त्याच्या अंगचे हे कौशल्य ओळखणे ही साधी गोष्ट नव्हे.

पोचवण्याचे काम असे जमले तरी निवडीचा प्रश्न उरतोच. तो तीन प्रकारे सोडवला जातो. केसाएवढ्या बारीक काचेच्या नळीतून मेंदूच्या नेमक्या भागात थेंबाचाही अल्पांश सोडला जातो. ही जागेची निवड. पाकिटाचे प्रथिन बदलून ठरावीक पेशींची दारे उघडली जातात. ही पत्त्याची निवड. आणि चिठ्ठीच्या आरंभी असा एक खंड जोडला जातो की ती पुष्कळ पेशींत शिरली तरी एकाच जातीच्या पेशीला वाचता येते. ही भाषेची निवड. क्रिक यांनी मागितलेली नेमकी हाक या तिन्ही निवडी एकत्र आल्याने देता येऊ लागली.

एकाच सांध्यापर्यंत

रेबीजच्या विषाणूची गोष्ट याहून मनोवेधक आहे. बोलणाऱ्या दोन पेशींमधील सांधा ओलांडण्याची त्याची कला संशोधकांना हवी होती. पण तो एक सांधा ओलांडून थांबत नाही. दुसरा, तिसरा, चौथा ओलांडत तो सगळीकडे पसरतो आणि मग कोण कोणाशी थेट जोडलेला हे कळेनासे होते. साल्क संस्थेतील इयन विकरशॅम, एडवर्ड कॅलावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली यावर तोड काढली. लसीसाठी दुबळ्या केलेल्या रेबीज विषाणूमधून त्यांनी त्याच्या बाह्यावरणाचे एक जनुक काढून टाकले. या आवरणावाचून तो सांधा ओलांडू शकत नाही. मग ज्या एका जातीच्या पेशींपासून शोध सुरू करायचा, तेवढ्याच पेशींना ते जनुक वेगळ्या मार्गाने पुरवले. परिणाम असा झाला की विषाणू त्या पेशीतून निघून तिला निरोप देणाऱ्या पेशींपर्यंत उलट पावली गेला आणि तेथे आवरण नसल्यामुळे अडकून पडला. ज्या ज्या पेशीत तो अडकला, ती ती चमकू लागली. कारण त्याच्या पाठीवर चमकणारे प्रथिन बनवण्याचे जनुक होते.

हे चमकणारे प्रथिनही एका समुद्री जेलीफिशच्या शरीरातून आलेले. ओसामू शिमोमुरा यांनी ते १९६२ साली वेगळे केले, ते एवढ्याच कुतूहलाने की हा प्राणी चमकतो कशाने. २००८ साली या प्रथिनाच्या शोधासाठी व विकासासाठी तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या प्रथिनाची आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतील विषाणूची गाठ मेंदूच्या नकाशावर पडेल, असे भाकीत १९६२ साली कोणीही केले नसते.

डबक्यातील शैवल आणि मेंदूतील दिवा

प्रकाशाने पेशींना हुकूम देण्याची क्रिक यांची कल्पना अशाच आडवळणाने साकारली. साचलेल्या पाण्यात वाढणारे एक हिरवे शैवल उजेडाच्या रोखाने पोहते. त्याच्या पेशीत असे प्रथिन असते की निळा प्रकाश पडताच ते दारासारखे उघडते आणि विद्युतभारित कण आत येऊ देते. जर्मनीतील गेओर्ग नागेल, पेटर हेगेमान, एर्न्स्ट बाम्बेर्ग व सहकाऱ्यांनी २००३ साली यातील सर्वांत उपयोगी ठरलेल्या प्रथिनाचे गुण प्रसिद्ध केले. मज्जापेशी जागी होते तीही भारित कण आत आल्यानेच. तेव्हा शैवलाचे जनुक मज्जापेशीत घातले तर ती प्रकाशाने जागी होईल, हा तर्क सरळ होता. २००५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड बॉयडन, फेंग झांग, कार्ल डायसेरॉथ आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी तो खरा करून दाखवला. शैवलाचे ते जनुक मज्जापेशींत नेले, ते एड्सच्या विषाणूच्या कुळातील वाहकानेच.

त्यानंतर प्रयोगांचा पूर लोटला. २०११ साली अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्रात पोटभर खाल्लेल्या उंदरांच्या मेंदूतील भुकेशी संबंधित एका लहानशा पेशीसमूहावर बारीक तंतूतून प्रकाश सोडण्यात आला, आणि काही मिनिटांत ते उंदीर अधाशासारखे खाऊ लागले. २०१३ साली सुसुमू तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने याहून विलक्षण निष्कर्ष मांडला. एका निर्धोक पेटीत फिरताना उंदराच्या मेंदूत ज्या पेशी जाग्या झाल्या, तेवढ्याच पेशींत वाहक विषाणूने आणलेले प्रकाशसंवेदी जनुक कार्यान्वित होईल, अशी योजना करण्यात आली होती. दुसऱ्या दिवशी उंदराला वेगळ्या पेटीत ठेवून, त्या पेशींवर प्रकाश टाकत, पायांना विजेचा सौम्य धक्का दिला. पुन्हा पहिल्या पेटीत सोडल्यावर उंदीर भीतीने जागच्या जागी थिजला. त्या पेटीत त्याला कधीच काही झाले नव्हते. न घडलेल्या प्रसंगाची आठवण त्याच्या मेंदूत निर्माण करण्यात आली होती.

हे वाचून कोणाच्याही अंगावर काटा यावा. उद्या माणसाच्या आठवणीही कोणी अशा लिहील काय, ही शंका अस्थानी म्हणता येणार नाही. तूर्त एवढे खरे की या प्रयोगासाठी जनुके बदलून मुद्दाम पैदा केलेले उंदीर लागतात, कवटीला छिद्र पाडावे लागते आणि मेंदूत तंतू रोवावा लागतो. चोरून करता येण्याजोगा हा उद्योग नव्हे. परंतु शक्ती हाती आल्यानंतर नीतीचा विचार करायला बसणे हा उलटा क्रम होय. तो विचार आजच, आणि शास्त्रज्ञांखेरीज इतरांनीही करायला हवा. तसा तो करायचा तर ही विद्या नेमकी काय आहे, हे समाजाला ठाऊक असले पाहिजे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे

या विद्येला स्वतःचे असे कडू धडेही मिळालेले आहेत. १९९९ च्या सप्टेंबरात अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका चाचणीत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा तरुण मरण पावला. यकृताच्या एका आनुवंशिक दोषावर उपाय शोधण्यासाठी त्याला ॲडिनोव्हायरसाच्या वाहकातून जनुक देण्यात आले होते. त्याचा आजार तेव्हा जिवावर बेतणारा नव्हता. पुढे इतर मुलांना उपयोग व्हावा म्हणून तो चाचणीत सामील झाला होता. वाहकाविरुद्ध त्याच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा अशी काही खवळली की चार दिवसांत सर्व संपले. साऱ्या क्षेत्राला या मृत्यूने खडबडून जागे केले आणि अनेक वर्षे जनुकोपचाराची गती मंदावली. उत्साह आणि घाई यांच्यामधील सीमारेषा किती बारीक असते, याचे हे उदाहरण विसरले जाता कामा नये.

दुसरा धडा जीवितहानीवाचून मिळाला, पण तोही मोलाचा आहे. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती रक्तातील बहुतेक पदार्थांना मेंदूत शिरू देत नाहीत. ही तटबंदी ओलांडणारा वाहक मिळाला तर कवटी उघडण्याची गरज पडणार नाही. २०१६ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी एएव्हीच्या पाकिटाचे असंख्य नमुने करून त्यांची जणू शर्यत लावली आणि उंदराच्या मेंदूत विपुल प्रमाणात पोचणारा एक वाहक निवडून काढला. सर्वत्र आनंद झाला. मात्र हा वाहक प्रयोगशाळेतील काळ्या उंदरांच्या एका वाणात उत्तम चालला, तरी पांढऱ्या उंदरांच्या दुसऱ्या प्रचलित वाणात आणि मार्मोसेट माकडांत तो निकामी ठरला. २०१९ मध्ये कारण कळले. ज्या प्रथिनाचा दरवाजा धरून तो तटबंदी ओलांडत होता, ते प्रथिन त्या काळ्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांत असते. माणसात ते नसते. उंदरावरील यशाची बातमी वाचून रुग्णांच्या नातलगांनी उद्याच्या औषधाची आशा धरू नये, असे जाणकार सांगतात, त्यातील मर्म हेच.

सोळा कोटींचे औषध आणि मुंबईचा अनुभव

असे असले तरी काही निरोप माणसापर्यंत सुखरूप पोचले आहेत. मेंदूत डोपामिनसारखी द्रव्ये तयार करणारे एक विकर ज्यांच्यात जन्मतःच काम करीत नाही, अशी मुले मानही धरू शकत नाहीत. तैवानमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने विकसित झालेला, एएव्हीमार्फत थेट मेंदूत जनुक सोडण्याचा उपचार २०२२ साली युरोपात व २०२४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मान्य झाला. २०२१ मध्ये फ्रान्समधील एका अंध गृहस्थाच्या एका डोळ्यात शैवलकुळातील प्रकाशसंवेदी जनुक घातल्यावर खास चष्म्याच्या साह्याने त्यांना टेबलावरच्या वस्तू ओळखता येऊ लागल्याचे प्रसिद्ध झाले. आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जाण्याच्या आनुवंशिक रोगावर, एएव्हीच्याच एका प्रकारातून एकदाच शिरेवाटे द्यायचे औषध २०१९ साली अमेरिकेत बाजारात आले. त्याची किंमत होती २१ लाख २५ हजार डॉलर.

ही किंमत म्हणजे काय, हे महाराष्ट्राला लवकरच कळले. २०२१ साली मुंबईतील एका तान्ह्या बाळासाठी त्याच्या आईवडिलांना लोकवर्गणीतून सुमारे सोळा कोटी रुपये उभे करावे लागले. आयातीवरचे कर सरकारने माफ केले तेव्हा कोठे औषध येऊ शकले. हजारो अनोळखी माणसांनी त्या बाळासाठी खिशात हात घातला, ही गोष्ट अभिमानाची खरी. पण ज्यांच्या मुलांची हाक तेवढ्या दूर ऐकू जात नाही त्यांनी काय करावे? केंद्र सरकारच्या दुर्मिळ आजारांविषयीच्या धोरणातील मदतीची मर्यादा २०२२ साली वाढवण्यात आली, तरी ती पन्नास लाख रुपये झाली. पन्नास लाख आणि सोळा कोटी यांमधले अंतर कोणत्याही दानशूरतेने कायमचे भरून निघणारे नाही.

मग ते कशाने भरून निघेल? याचे उत्तर मुंबईतच शोधता येते. मेंदूचा विषय क्षणभर बाजूला ठेवून वाहकाच्या विद्येपुरते पाहावे. पवई येथील आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या संशोधकांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर पेशीउपचार विकसित केला. त्यात रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बाहेर काढून त्यांत नवे जनुक घालतात, आणि ते घालणारा वाहक एड्सच्या विषाणूच्या कुळातील, म्हणजे १९९६ साली मेंदूच्या पेशींवर कसोटीला लागलेल्या जातीचाच आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात या उपचाराला भारतात मान्यता मिळाली आणि पाश्चात्य देशांतील किमतीच्या सुमारे एकदशांश खर्चात तो उपलब्ध झाला. तोही अजून सामान्यांना परवडणारा नाही, हे उघड आहे. परंतु कोट्यवधीचा आकडा लाखांत आला, तो परदेशी कंपनीच्या मनात दया उपजल्याने नव्हे. वाहक बनवण्यापासून पेशी वाढवण्यापर्यंतची कामे येथल्या हातांना येऊ लागली, म्हणून आला. कानपूरच्या आयआयटीत एएव्हीवर झालेले कामही २०२२ साली एका भारतीय कंपनीकडे विकासासाठी सोपवण्यात आले. वाट आहे; तिच्यावर चालणारे अजून थोडे आहेत.

विकत घेण्याच्या रांगेत की करण्याच्या जागी?

भारतात मेंदूसंशोधन होत नाही असे नाही. बंगळूरची निमहॅन्स, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आयसर अशा संस्थांत या विषयाची माणसे आहेत. नियमांची चौकटही आहे: जनुके बदललेल्या सूक्ष्मजीवांविषयीचे नियम १९८९ पासून लागू आहेत, प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते, प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख आहे आणि जनुकोपचाराची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने प्रसिद्ध केली आहेत. उणीव आहे ती मधल्या दुव्याची. वाहक विषाणू हा कपाटात ठेवलेल्या रसायनासारखा पदार्थ नसतो. प्रत्येक नव्या प्रश्नासाठी नवे पाकीट, नवी चिठ्ठी बांधावी लागते, ती शुद्ध करावी लागते, कडाक्याच्या थंडीत गोठवून ठेवावी लागते. ज्या संशोधकाला हे साधन दर वेळी सातासमुद्रापलीकडून मागवावे लागते, तो हळूहळू त्या साधनाला जेवढे प्रश्न झेपतात तेवढेच विचारू लागतो. म्हणून शुद्ध वाहक तयार करून ते देशभरच्या महाविद्यालयांना व प्रयोगशाळांना माफक दरात पुरवणारी सार्वजनिक केंद्रे उभारणे, तेथे तरुणांना हे हस्तकौशल्य शिकवणे, आणि सरकारी पैशातून जन्मलेल्या उपचारांच्या किमतीवर सुरुवातीलाच बंधन घालणे, या गोष्टींना अग्रक्रम मिळायला हवा.

‘आधी गरिबी हटवा, मग मेंदूचे नकाशे काढा’ असा युक्तिवाद यावर केला जाईल. तो सहज उडवून लावण्याजोगा नाही; ज्या देशात आजही कुत्रा चावल्यावर वेळेवर लस न मिळाल्याने माणसे मरतात, तेथे तो करणाऱ्याला अधिकारही आहे. परंतु या कथेतील एकेक दुवा पुन्हा डोळ्यांपुढे आणावा. नमुन्यातली भेसळ, डबक्यातले शैवल, चमकणारा समुद्री जीव, यांच्या अभ्यासाला पैसा देताना कोणीही त्याचा उपयोग विचारला नव्हता. विचारला असता तर सोळा कोटींचे सोडाच, कोणत्याच किमतीचे औषध आज अस्तित्वात नसते. या अभ्यासांवर झालेला खर्च त्यांच्यातून निघालेल्या औषधांच्या मानाने किरकोळ होता. गरीब देशाला न परवडणारी गोष्ट म्हणजे तयार औषधाची खरेदी. त्यामागचे कुतूहल तुलनेने स्वस्त पडते.

लुई पाश्चर यांनी १८८५ च्या जुलैमध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची पहिली लस टोचली. ती विद्या पंधरा वर्षांत, १९०० साली, कसौलीस आली. लस येथेच बनू लागली आणि म्हणूनच खेड्यापाड्यांतील असंख्य जीव वाचले. त्या लसीत दोष होते, तिची इंजेक्शने दुखत, पण तिच्यासाठी कोणालाही कोट्यवधींची वर्गणी गोळा करावी लागली नाही. रेबीजच्या विषाणूला आता वाटाड्या करण्यात आले आहे. त्याच्या मागोमाग मेंदूत शिरणाऱ्या विद्येला येथे पोचण्यास किती वर्षे लागतील, हे त्या विषाणूवर अवलंबून नाही. कोणत्या प्रयोगशाळेला पैसा मिळतो, कोणत्या विद्यार्थ्याला ते कौशल्य शिकवले जाते, यावर ते ठरेल. आणि जी मुले आज मान धरू शकत नाहीत, त्यांच्या घरांत या उत्तराची वाट पाहिली जात आहे.